कानाची पापणी

टाउनो लाम्पेलाच्या टेबलावर कॉफीचा जुना डबा आहे.
त्यात सात मेलेले अ‍ॅम्प्लिफायर,
प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
"हे माझे बहिरे," तो म्हणतो,
आणि डबा खुळखुळवतो.

बाहेर उणे अडतीस.
इनारी सरोवर दगडासारखं गप्प.
टेकडीवरची आमची थाळी आभाळाकडे तोंड करून
इतकं बारीक ऐकते
की नव्वद किलोमीटर वर
उल्केनं मागे सोडलेली जळकी रेघ
वाऱ्यानं जराशी सरकली
तरी तिला कळतं.

असं ऐकणाऱ्याचं दुखणं एकच:
कुणी जवळ येऊन ओरडलं की संपलं.
विमानतळाचं रडार, सरावाला आलेला लष्करी ट्रक,
कधी आमचाच प्रेषक, एका स्विचच्या आळसापायी.
डोळ्याला पापणी मिळाली.
कानाला द्यायची राहूनच गेली.

टाउनोला हे शिकवायला नको.
तेराव्या वर्षी तो नदीकाठी उभा होता,
अडकलेले ओंडके सुरुंगानं मोकळे करत होते तेव्हा.
डावा कान तिथेच राहिला.
तेव्हापासून तो माणसांसमोर तिरका बसतो.
भांडायचं असलं की त्याची बायको
मुद्दाम डावीकडून बोलते.
तिचं बोलून होतं, संसारही टिकतो.

नोव्हेंबरात ओउलूहून पिह्ला आउतिओ आली,
बसमध्ये दिवसभर पेटी मांडीवर घेऊन.
पेटीत नखाएवढी चकती,
चकतीवर वळणावळणाची काळी रेघ:
यिट्रियम, बेरियम, तांबं, प्राणवायू.
"ही काय करणार?"
"काहीच नाही," पिह्ला म्हणाली.
"बहुतेक दिवस तेच तिचं काम."

द्रव नायट्रोजन ओतला. उणे एकशे शहाण्णव.
त्याच्या हिशेबी बाहेर उन्हाळाच चालला होता.
वाफ फरशीवरून सरपटत दाराकडे गेली
आणि त्या गारठ्यात
रेघेतला रोध नाहीसा झाला.
कमी नव्हे, नाहीसा.
उल्केची कुजबुज तिच्यातून गेली
जशीच्या तशी, बोटं न लागता,
ना जकात, ना कुरकुर.
टाउनो म्हणाला, "असल्या भिडस्तावर
मी पहारा नसता सोपवला."

जानेवारीत एका रात्री, दोन वाजून नऊ मिनिटांनी,
आरोळी आलीच.
कुठून, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.
प्रवाह हद्दीपलीकडे गेला
आणि जिनं कधी कुणाला अडवलं नव्हतं
ती आडवी पडली.

पापणी लवते न लवते तोच, असं म्हणतात.
तेवढ्यात तिला लाखभर वेळा
मिटून उघडता आलं असतं.
थोडी आरोळी तिनं अंगात जिरवली,
बाकीची आल्या वाटेनं परत धाडली.
तापली. चारचौघींसारखी झाली,
हरकत घेणारी, जड.
मग नायट्रोजननं भोवती बुडबुडे काढत
तिला निववलं,
आणि पुन्हा तिच्यातून
राखेची ती रेघ ऐकू येऊ लागली,
मधल्या मध्ये काही घडलंच नसावं तशी.

आलेखावर फक्त एक खाच.
पिह्ला खुर्चीतच झोपलेली, तोंड उघडं, एक मोजा निसटलेला.
टाउनोनं डबा कानाशी नेऊन हलवला.
सातच.

आठव्यासाठी पट्टी त्यानं
नाताळाआधीच कापून ठेवली होती.
कापलेली पट्टी वाया घालवणाऱ्यातला तो नाही.
तारीख घातली, साखरेच्या बरणीला चिकटवली,
कॉफी चढवली.

फोन वाजला. बायको.
रात्रभर कुठे होतास, वगैरे.
"हो," तो म्हणाला. "हो, खरंय तुझं."
फोन
डाव्या कानाला धरून.