मूठभर

स्वान्सीच्या टेकडीवरच्या हॉस्पिटलात, तळमजल्याला
माझी खोली. खिडकी नाही.
मशीनचा हात डोक्यापासून पायांपर्यंत सरकतो
सात मिनिटं,
शिंप्यानं माप घ्यावं तसा; पण न शिवता.

संशोधनाला माणसं हवीत विशीतली.
व्हाउचर मिळतं, वर चहा आणि वेल्श केक.
हलू नका, मी म्हणते. श्वास चालतो.

सकाळी येस्टिन आला, बेकरीत रात्रपाळी करणारा.
पोट आत ओढून झोपला.
"जड माणसाची हाडं दणकट, नाही का?"
वाटतं खरं तसं.
पडद्यावर आतड्यांभोवती हळदीसारखं पिवळं
आणि मणके
मला हवे होते त्याहून फिकट.

दुपारी हेलवेन. नावाचा अर्थ ऊन, तिनंच सांगितलं.
दहा किलोमीटर पस्तीस मिनिटांत.
फॉर्मवरचा नववा प्रश्न: शेवटची पाळी कधी?
"मागचा ऑगस्ट", आणि पुढे
पेनानं काढलेला हसरा चेहरा.

तिच्यात पिवळं शोधावं लागलं.
हाडाची काडं करणं,
आमच्याकडे कष्टाचं कौतुक हे.
इथे ती काडं मला मोजता येतात,
दशांश चिन्हापर्यंत.

चरबी नुसती पडून नसते.
ती निरोप धाडते हाडांना: बांधा, अजून बांधा,
वय आहे तोवर.
निरोप्याच आला नाही तर गवंडी बसून राहतात.
आणि निरोपे पोटात गर्दी करून
एकदम ओरडू लागले, तरी
काम तसंच अर्धवट.

आकडा मला दिसतो. सांगायचा नाही, असा नियम.
डॉक्टरांचं पत्र जाईल, तीन आठवड्यांनी.

ती नाड्या बांधत होती. मी बशी पुढे केली.
तिनं चतकोर तोडला, मनुका वेचून काढल्या.
"तुमच्या भाषेत जाड होण्याला काय म्हणतात?"
बाळसं, मी सांगू लागले. गुटगुटीत. अंगानं भरली.
ढोली गाळलं.
आणि कुणी कौतुक केलं ना, की आम्ही म्हणतो,
अंगावर मूठभर मांस चढलं.
"म्हणजे, आनंदानं?"
आनंदानं.

तिनं मूठ मिटून पाहिली,
केवढं ते, याचा अंदाज घेत.
उघडली, तर आत एक मनुका.

खाल्ली का, ते दिसलं नाही मला.
पुढचा दारात उभा होता,
कमरेचा पट्टा काढून हातात धरलेला.