वजनकाट्यावरून: आपिया ते पांगो पांगो

फॉर्मवर रोज लिहितो मी:
अंतर सव्वाशे किलोमीटर, वेळ पस्तीस मिनिटं.
खरं तर हे छापूनच यायला हवं. येत नाही,
म्हणून बावीस वर्षं हातानं.
आधी सामान, मग माणूस.
पोट आत घेऊ नका, म्हणतो मी,
विमान लहान आहे आणि काट्याला लाज नाही.

इथून आज निघालं की तिथं काल उतरायचं.
मधल्या पाण्यात कुठंतरी तारखांची रेघ आहे;
वैमानिक लागी म्हणतो, त्याला अजून दिसलेली नाही.
घड्याळाला हात लावावा लागत नाही,
नऊ म्हणजे नऊच, वार तेवढा बदलतो.
आमच्याकडची माणसं कालमध्ये जातात
दात काढायला, डॉलर कमवायला,
माशांच्या कारखान्यात उभं राहायला.

पूर्वी असं नव्हतं.
एका डिसेंबरात सरकारनं अख्खा शुक्रवार गिळला.
गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो.
पगार कापला नाही, हे सांगायला हवं.
सासऱ्यांनी त्याच शुक्रवारी
कुणाचे तरी पैसे फेडायचं कबूल केलं होतं.
अजून म्हणतात, शुक्रवार येऊ दे.

पेनितीला आली तो रविवार.
सकाळच्या प्रार्थनेतून तशीच उठलेली,
पांढऱ्या कपड्यांत, हातात पंखा,
आणि काखेत केवड्याच्या पातीची चटई,
सहा वर्षं विणलेली, अंगावर घ्यावी इतकी मऊ.
चटई चार किलो दोनशे.
ती अडुसष्ट.

"बहीण," ती म्हणाली, "पहाटे पाचला.
तिकडच्या शनिवारी."
मग बोटं मोजायला लागली.
तिकडे अजून शनिवारच आहे ना?
आहे, म्हटलं.
मी उतरेन तेव्हाही?
शनिवारच. नऊ पस्तीस.
"म्हणजे एक दिवस आधी पोचते मी,"
काट्यावर उभ्या उभ्याच ती म्हणाली,
"आणि साडेचार तास उशिरा."

मागे रांग होती.
एका पोराच्या हातात बांधलेली कोंबडी होती,
तीसुद्धा गप्प.
मी आकडा लिहिला. दोनदा गिरवला.
अंतराच्या रकान्यात सव्वाशेच लिहिलं,
दुसरं काय लिहिणार?

बुधवारी तिकडून निघून
ती गुरुवारी आमच्याकडे उतरली.
येताना जो दिवस जातो
त्याची पावती आम्ही देत नाही.
तिकडच्या काट्याची चिठ्ठी माझ्याकडे येते:
ती पासष्ट. चटई नाही.
खोका एक, नऊ किलो, ट्यूनाचे डबे.

बहीण तारखेच्या यंत्रावर होती, तिनं सांगितलं.
एकोणीस वर्षं डब्यांच्या बुडावर
कुठवर खाता येईल ते उठवायची.
घरी आली की हाताला मासळीचा वास,
आणि कॅलेंडर मात्र कधी पाहायची नाही.
एक डबा पेनितीलानं टेबलावर ठेवला.
लाच नको, म्हटलं मी.
"तुझा काटा खरा आहे," म्हणाली, आणि गेली.
पंखा विसरली. परत येऊन घेऊन गेली.

डबा अजून रजिस्टरवर आहे,
पानं उडू नयेत म्हणून.
बुडाचा ठसा जरा तिरका,
तारीख यायला वेळ आहे.
लागी रोज उचलून बघतो, विचारतो,
कधी फोडायचा?

शुक्रवार येऊ दे, म्हणतो मी.