क्रेट वजा करून

एप्रिलमध्ये कातळ दहा वाजताच तापतो.
जुनेलीला चप्पल नको असते.
दोन पावलं टाकते, तिसऱ्याला तळवा उचलते
आणि बगळ्यासारखी एका पायावर थांबून
माझ्याकडे असं बघते
जशी ही जमीन मीच चुलीवर ठेवली होती.

आम्ही अछामचे. नेपाळातले, पण अगदी पश्चिमेचे.
गड्डाचौकीचा पूल चालत ओलांडला तेव्हा ती शालीत होती,
नऊ महिन्यांची.
पुढे तीन गाड्या, कणकवली, टेम्पो,
आणि देवगडाकडची ही घाडींची बाग,
पत्र्याची खोली, पाचशे कलमं, एक विहीर.
दात इथे आले. चालायला इथे लागली.

हिक्मत रात्री चोरांसाठी जागतो,
उजाडल्यावर वानरांसाठी.
दुपारी झोपतो, आणि दुपारी जुनेली झोपत नाही.
विहिरीला कठडा नाही, म्हणून मी पेट्या भरायला गेले
की त्याच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी
आणि सुतळीचं दुसरं टोक तिच्या कमरेला.
ती त्याच्याभोवती फिरत राहते.
संध्याकाळी येऊन बघते तर
नवरा भोवऱ्यासारखा गुंडाळलेला,
घोरतोय.

वानरं हाकलायला तो डबा बडवतो.
तिने एवढंच शिकून घेतलं: कुणी आलं की वाजवायचं.
बापू घाडी मोटरसायकलवरून उतरले
की ती ताटली घेऊन धावते.
बाग त्यांची. तरी ते दोन पावलं मागे सरतात,
दात विचकून दाखवतात, काख खाजवतात.
मग पाकिटातून तिच्यासाठी खारी बिस्किटं.

रविवारी कुणकेश्वरच्या वाळूत नेलं तिला.
माझे आजोबा मिठासाठी बारा दिवस चालायचे,
पाठीला डोको, कपाळाला पट्टा.
परतताना पाऊस गाठायचा
आणि अर्धं मीठ त्यांच्या पाठीवरून
विजारीतून वाहून जायचं.
आजी म्हणायची, चाटू का तुम्हाला?
जुनेलीने लाटेत मूठ बुडवली,
चोखली,
तोंड वाकडं करून थुंकली.
थुंक बाई.
तुला परवडतं.

खडक फोनवर असतो, सात वर्षांचा, आजीपाशी.
शाळा आहे म्हणून त्याला तिकडे ठेवला,
असं आम्ही एकमेकांना सांगतो.
तो विचारतो, ती बोलते का आता?
मी फोन तिच्या तोंडाशी धरते.
आमा आणि आंबा यांच्यामध्ये
ओठ किती वेळ मिटून ठेवायचे
हे तिला अजून जमत नाही.
पलीकडे तो गप्प होतो. मग म्हणतो,
आमा म्हणाली. मी ऐकलं.
तिच्या हनुवटीवरून रस ओघळत होता.
मी म्हटलं, हो.

मेच्या शेवटी डझनाचा आंबा संपतो,
उरलेला कॅनिंगला जातो, किलोवर.
अंगणात मोठा काटा येतो.
सुगंधावैनी म्हणाल्या,
“चेडवाक बसव गो काट्यार, बघूया कितक्या भरता!”
क्रेटमध्ये पेंढा, पेंढ्यावर जुनेली,
दोन्ही हातांनी कडा धरून, राणीसारखी.
हलू नको म्हटलं की हलते. आकडा पळत राहिला.
शेवटी बापूंनी ताटली वाजवली
आणि ती चकित होऊन थांबली:
हे तर माझं काम!
नऊ किलो चारशे. क्रेट वजा करून.
बापूंनी वहीत लिहिलं, सवयीने,
आंब्यांच्याच रांगेत.

परवा हिशेबाला तीच वही उघडली.
उचल वजा. रेशन वजा.
देवगडच्या डॉक्टरांचे सहाशे वजा.
बोट सरकत सरकत
नऊ किलो चारशेवर आलं.
ते कशात धरायचं, त्यांना कळेना.
हिक्मत जमिनीकडे बघत होता. मी बोटाकडे.
“ह्यां ऱ्हवांदे,” म्हणाले, आणि पान उलटलं.

बाहेर ती कुणाला तरी ताटली वाजवत होती.
टेम्पोवाला असावा. उद्या सकाळी येतो म्हणाला होता,
आजच आला.