डाव्या बुटाचा तळ

माळ्यावरून काढले तर बुटांवर बुरा,
लोणच्याच्या बरणीत मीठ कमी पडलं की येतो तसा.
उजवा कसाबसा शाबूत.
डाव्याचा तळ अंगठ्याने दाबला
आणि शिळ्या भाकरीसारखा चुरा होऊन पडला.
सात पावसाळे. आमच्या हवेत
खिडकीचे गज टिकत नाहीत,
बुटाने काय म्हणून टिकावं.

राजापूरच्या नाक्यावरचा कारागीर म्हणाला, नवे घ्या.
नवे घालून रेवस ते रेडी कोण चालतं?
दुसऱ्या खाडीपाशी टाचा सोलून निघतील.
बत्तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली,
दुसऱ्यांच्या हद्दी चाललो.
त्यात शिकलो ते एवढंच.

मग नाटे बंदरात याकूब वस्ताकडे गेलो.
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून बसलेला.
बूट उलटा केला, वास घेतला, खाली ठेवला.
"साहेब, मी भोकां बांधतंय. बुजवत नाय."
आणि पुन्हा जाळ्यात मान.

बसून राहिलो.
समोर होड्यांच्या बरगड्यांना टायर लटकत होते,
धक्क्याचा मार खाऊन मवाळ झालेले.
भरती अर्धी चढली तेव्हा तोच उठला,
एक टायर सोडवून आणला, सुरी लावली.
"ह्यो ट्रकाखाली गोव्यापतूर जाऊन आलाय.
वाट त्याला म्हायती."

वडिलांचं शिडाचं दाभण निघालं डब्यातून.
शिडं गेली त्याला जमाना झाला.
मेण चोळलेला नायलॉन, आणि दर टाक्याला गाठ:
एक तुटली तरी शेजारचीने सुटायचं नाही.
मधेच दाभण त्याच्याच बोटात गेलं.
त्याने बोट चोखलं, मला शिवी दिली, मासळीला दिली,
पुढचा टाका घातला.

डावा दोन सूत उंच झाला.
सड्यावर चालून पाहिला:
कातळ बोचेना, पण मी
सतत काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे कलतो.
खाली पुळणीत वळून बघितलं.
उजवा पाय पुसट,
डाव्याला टायरची नक्षी,
जणू एखादं चाक लंगडी घालत गेलंय.

पैसे घेईना.
"बंदराबंदराची गाठ येगळी. दिघीला कशी मारतत,
हर्णैला कशी, बघून बांधून आण."
असं म्हणून दोरीचा तुकडा हातात दिला, कोरा.

टेप, वही, होकायंत्र
मी मुद्दाम घरी ठेवणार होतो.
या वाटेवर काही म्हणजे काही मोजायचं नाही.
दोरी खिशात घातली. मोजली नाही.
साडेतीन हात असेल.
चार बोटं कमी.