जाणारं टपाल

जेलरोडला, पाण्याच्या टाकीमागे, मुठाळांकडे गेले
तेव्हा प्रेसचा भोंगा नुकताच होऊन गेला होता.
"येतं सगळं," ते म्हणाले, "जात काही नाही."
खरंच. वीजबिल, बँकेच्या जाहिराती,
पेन्शनरांच्या सभेची सूचना बिनबोभाट येत होती.
आउटबॉक्समध्ये मात्र बारा पत्रं अडकलेली,
सगळी एकाच नावावर: पुंडलिक घोलप, देवास.
"शेजारच्या मशीनवर होता."

छत्तीस वर्षं त्यांनी छिद्रं पाडली,
पोस्टाच्या तिकिटांच्या कडेकडेनं.
"मोहरीएवढे गोल कागद, खिशात, कानात,
हिच्या पोळीच्या डब्यातसुद्धा.
देशाचं टपाल आमच्या हातनं सुटायचं, आणि आता बघ."
मी नुसतं हं म्हणत सेटिंग उघडलं.

पोर्ट पंचवीस. ते दार कंपनीनं कधीच लावून घेतलंय.
पाचशे सत्त्याऐंशी टाकलं.
खाली एक चौकोन रिकामाच:
बाहेर पाठवताना ओळख पटवायची.
"पासवर्ड दिला होता की मागे!"
तो येणाऱ्याचा, काका. जाणाऱ्याला वेगळा भरावा लागतो.
"गेटवर तसंच होतं," ते एकदम खूश झाले,
"येताना नुसतं कार्ड. जाताना झडती."
आणि पासवर्ड भरताना
मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

निळी पट्टी सरकली.
एक गेलं. दोन.
"म्हणजे पुंडलिकला यातलं एकही…?"
एकही नाही.
"आणि मी समजत होतो, माजला."
तीन. चार. पाच.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"बारावं कुठलं गं?
थांबव. अगं थांबव!"
मी बटण शोधतेय, तोवर त्यांनी
राउटरचा प्लगच भिंतीतून उपटला.
हिरवे दिवे गेले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

बारावं उघडलं. एकच ओळ होती:
यापुढे लिहिणार नाही. तुझी मर्जी.
ते त्यांनी स्वतःच पुसलं,
एका बोटानं, दोनदा खात्री करून.
मग म्हणाले, लाव प्लग.

चपला घालताना त्यांनी विचारलं,
"अकरा एकदम बघून घाबरणार नाही ना तो?"
मग फोन करा की, काका.
"छे," ते म्हणाले, "आता त्याची पाळी,"
आणि जाऊन पडद्यासमोर बसले,
जिथे येणारं येतं.