मेंढ्या बघायला

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहिल्याच नाहीत.
चिठ्ठीवर नुसतं: मंगळवार, दहा वाजता, वाचनालयाचं फाटक.
मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं चाललोय की,
जमिनीखाली, वाकून.
त्या म्हणाल्या, आता वर चाला.

पहिल्या मंगळवारी समोरच्या थांब्यावर
बस चुकल्यासारखा उभा राहिलो.
नेरिसनं पलीकडून हाक मारली,
"ग्विलिम ना तू? तुझ्या बापानं माझ्या बापाला
संपात कोळशाचं पोतं दिलं होतं, उसनं."
एवढं म्हटल्यावर
माणूस बसमध्ये चढेल कसा?

जुन्या ट्रामच्या वाटेनं नऊ जण.
दोन गुडघे नवे, एक कुत्रा आंधळा.
चढावर माझा भाता फुटला.
छातीत तीच भुकटी;
खाण बंद झाली, ती अजून पाळीवर.

"काय झालं" कुणी विचारलं नाही.
नेरिस कुंपणाला टेकली,
"थांबा रे, मेंढ्या बघू."
आणि आठही जणांनी मेंढ्या बघितल्या.
वेल्सच्या या डोंगरात जन्म गेलेली माणसं,
जणू मेंढी हा प्राणी
काल रात्रीच गावात आला होता.
माझा श्वास परतेपर्यंत
एकाचंही बघून झालं नाही.

आज नवी बाई आली, डिलिस.
नवरा गेल्यापासून
घरच्या जिन्यापलीकडे काही चढलेली नाही.
दुसऱ्या वळणावर तिचं बोलणं तुटायला लागलं,
मग थांबलंच.
नेरिस बरीच पुढे.

मी कुंपणाला टेकलो.
कुरणात नुसतं धुकं, एकही मेंढी नाही.

"थांबा," म्हटलं,
"केवढ्या आहेत बघा."