मागचं कापड

माझा आजा लग्नात पायघड्या घालायचा.
वरमाय मांडवाकडं निघाली की
तिच्या पावलांपुढं धुतलेलं धोतर अंथरायचा,
ती पुढं सरकली की मागचं उचलून
पळत जाऊन पुन्हा पुढं.
दोन धोतरांवर अख्खी आळी पार व्हायची.
परटाचा मान: नारळ आणि सव्वा रुपया.

माझ्याकडं येतं ते मागचं कापड.

नव्या पेठेत बिराजदारांचं गाऊन भाड्यानं द्यायचं दुकान.
मल्लिनाथ पहिल्यांदा आला, म्हणाला,
"मामा, ट्रेन धुवायची आहे."
मी म्हटलं, "डबे किती?"
तो हसला नाही. पिशवीतून काढत राहिला,
काढत राहिला,
पांढरं साटन, कडेला जाळी, जाळीवर खडे,
साडेसहा वार, नुसतं मागं ओढायला.
कुठल्याशा परदेशी राजकन्येच्या लग्नातला
मोबाईलवरचा फोटो बघून
साखर पेठेतल्या व्यंकम्मानं शिवलेलं.
फोटोत राजकन्येचं तोंड पलीकडं होतं.
व्यंकम्मा म्हणाली, बरं झालं की,
मला पाठच पाहिजे होती.

कुसळं निघाली की समजायचं, किल्ला.
हिरवी रेघ असली की तलावाची पायरी.
एकदा घोळात शेंगाचटणी सापडली,
ती नवरी मला आवडली.
चिठ्ठीवर लिहितो: माती, जादा तीस रुपये.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि एका राजकन्येला तीन पिंपं लागतात.

परवा आलं ते मात्र
खालून कोरं.
धूळ नाही, कुसळ नाही, जमिनीला लागलंच नव्हतं.
उजेडात धरलं तेव्हा दिसले
दोन्ही कडांना, हात-दीड हातावर एकेक,
तपकिरी अंगठे.
एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला चार.
नाकाला लावलं. तंबाखू.

विडी घरकुलातली, मल्लिनाथ म्हणाला,
गुर्रमांची पुष्पलता.
गल्लीत गटार फुटलेलं, रिक्षा आत येईना.
मग बायकांनी मांडीवरची सुपं खाली ठेवली
आणि उचललं.

तिकडं राणीच्या मागं, म्हणे,
सारख्या उंचीची लेकरं चालतात, पावलं मोजून.
इथं नऊ जणी, कुणी उंच, कुणी कमरेत वाकलेली,
हजार विड्या झालेल्या
किंवा दोनशे राहिलेल्या,
अंगठा पान मुडपायला बसलेला,
साटन धरतानाही तसाच.
फोटोत त्या नाहीत.
"मावशी, जरा बाजूला," कुणीतरी म्हणालं असणार.

तंबाखूचा डाग जातो.
कोमट पाणी, थोडं ग्लिसरीन, घाई नाही.
मंगळवारी दुसरी नवरी आहे, धंदा आहे,
मी एकेक काढत गेलो.
शेवटचा सगळ्यात बारका होता,
एवढासा, चवलीएवढा.
तो बराच वेळ निघेना,
किंवा मी चोळला नसेन.
चिठ्ठी समोर घेऊन बसलो.
माती नव्हती. काय लिहू?

वाळायला आमची दोरी पुरत नाही.
निम्मं आमच्या गच्चीवर,
निम्मं इलियासच्या, त्याच्या टॉवेलांच्या शेजारी.
खाली माग खटखटत असतात,
वर ते उगाच फुगतं, कुणीच आत नसताना.

घडीला दोघं लागतात.
एक टोक माझ्याकडं, दुसरं बायकोकडं,
घडी, एक पाऊल,
घडी, एक पाऊल,
शेवटी मध्ये हातभर कापड
आणि पलीकडं तिचं तोंड.
"हात धुतलेस ना?" मी विचारलं.
"बघ की," म्हणाली,
आणि अंगठा वर केला.